ओढेल, पण पेलेल का?

"काकू उगाच घाबरतात, लहान ट्रक पुरेल," असं या ग्रुपवर तिघांनी आमच्या ह्यांना सांगितलं, म्हणून लिहिते आहे.

रिटायर झाल्यावर फिफ्थ-व्हील कॅम्पर, म्हणजे ट्रकला जोडून न्यायचं चाकांवरचं घर, घेऊन देश बघायचा, हे ह्यांचं जुनं स्वप्न. कॅम्पर ठरला आहे, ट्रक राहिला होता. आज सकाळी अल्फारेटातल्या डीलरकडे एका लाल ट्रकवर ह्यांचा जीव जडला. सेल्समन म्हणाला, आरामात ओढेल.

मी ड्रायव्हरचं दार उघडून आतलं स्टिकर वाचलं. माणसं आणि सामान मिळून जास्तीत जास्त चौदाशे पाउंड. आमच्या कॅम्परचं पुढचं टोक ट्रकच्या पाठीवरच टेकतं आणि ते एकटंच अठराशे भरतं.

"ओढेल हो, पण पेलेल का?" मी ह्यांना विचारलं.

"लग्नाआधी मलाही असंच तपासलं होतंस?"

"तुमच्यावर स्टिकर नव्हतं."

हे हसले. शेजारच्या थोराड पांढऱ्या ट्रकचं दार त्यांनी स्वतःच उघडलं. पस्तीसशे! मग तोच घेतला.

लहान ट्रक सुचवणाऱ्यांनो, तुम्ही आपल्या ट्रकचं दार कधी उघडून बघितलंत का?

आजची वाटणी: ट्रकची एक किल्ली ह्यांना, एक मला. आणि माझा हिशेब बरोबर निघाला, म्हणून कॅम्परचं स्वयंपाकघर कायमचं ह्यांच्या ताब्यात.