टक्क आवाजाचा पाना

ठोकेमास्तरांनी जन्मात एकच गोष्ट लपवली. ती लपवायला जेवढी अक्कल खर्च केली, तिच्या निम्मी त्या दिवशी दुकानात वापरली असती तर बरं झालं असतं. पण माणूस एकदा हट्टाला पेटला की अक्कल दाराबाहेर चपलांपाशी थांबते.

बसगाड्यांच्या सांगाड्यांवर पत्रे ठोकायच्या कारखान्यात त्यांची एकतीस वर्षं गेली. हातात हवेवर चालणारी रिव्हेट-बंदूक, समोर पत्रा आणि दिवसभर तडतड. लोक त्यांना ठोकेमास्तर म्हणायचे आणि खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं. त्या बंदुकीने आधी त्यांचे कान खाल्ले, मग बोटं. थंडीत बोटांची टोकं पांढरी पडायची. शर्टाचं बटण लावताना ते बटणाकडे डोळे लावून बसायचे, कारण बटण हाताला लागलंय की नाही हे बोटांना कळतच नसे.

बोटांचं ते कुणालाही सांगायचे. कानांचं मात्र तोंडातून काढायचे नाहीत. बहिरा म्हटलं की लोक मोठ्याने बोलतात आणि मग बोलणंच सोडून देतात, हे त्यांनी कारखान्यातल्या जुन्या माणसांच्या बाबतीत पाहिलं होतं. म्हणून समोरच्याच्या ओठांकडे बघायचं, हसला की हसायचं, थांबला की "बरोबर आहे" म्हणायचं. फोन आला की "तूच घे गं, माझे हात खराब आहेत" म्हणून बायकोकडे ढकलायचा. चार वर्षं हे बेमालूम चाललंय अशी त्यांची पक्की समजूत होती.

त्यांची मुलगी धरणावर पाणी तपासायच्या कामाला होती. रोज सकाळी मोटरसायकल काढायची आणि सतरा किलोमीटरचा वळणावळणाचा उतार उतरायची. गाडीची देखभाल मास्तरांकडे. मागच्या अंगणात पत्र्याखाली लाकडी बाक, बाकाला शिकंजा, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पाने. सकाळी उठून कुठे जायचं राहिलं नव्हतं, त्यामुळे ती गाडी हेच त्यांचं काम, त्यांचा पगार, त्यांचा मान.

दोन महिन्यांपूर्वी इंजिनच्या तळाचा बोल्ट त्यांनी असा करकचून आवळला की आटेच गेले. रस्ताभर तेल गळलं. मुलगी घरी आली तेव्हा तिचा बूट तेलाने चिकट झाला होता. ती रागावली नाही. त्यांच्या समोर येऊन सावकाश म्हणाली, "बाबा, बोटांचं काही चुकलेलं नाही, पण आता अंदाजाने नको. टॉर्क पाना आणा. बोल्ट किती आवळायचा ते मोजून सांगतो तो. नाहीतर गाडी गॅरेजमध्ये टाकते."

गॅरेजचं नाव निघालं तसे मास्तरांनी कपाटातले पैसे मोजले. दुसऱ्याच दिवशी ते हत्यारांच्या दुकानात गेले.

दुकानदाराने काउंटरवर दोन पाने ठेवले. एक साधा, लांब दांड्याचा. दांड्याशेजारी सळईसारखा काटा आणि खाली आकड्यांची पट्टी. जोर लावला की काटा आकड्यावर सरकतो, आकडा आला की थांबायचं. दुसरा चकचकीत, मूठ फिरवून आकडा लावायचा. तेवढा जोर झाला की आतून टक्क वाजतं.

मास्तरांनी काट्याचा पाना उचलला. हाताला बरा वाटला, डोळ्यांना दिसणारा. त्यांचा निर्णय जवळजवळ झालाच होता. पण दुकानदाराला बोलल्याशिवाय कुठलं राहवतंय.

"काका, तो आता कुणी नेत नाही," तो हसत म्हणाला. "ज्यांचे कान गेलेत ना, तेच म्हातारे मागतात तो. तुम्हाला काय गरज?"

हे वाक्य नेमकं मास्तरांना ओठांवरून पूर्ण समजलं. एरवी अर्धं निसटायचं, हे पुरतं लागलं. त्यांनी काट्याचा पाना खाली ठेवला आणि म्हणाले, "हाच द्या. वाजणारा."

दुकानदाराने मूठ कशी फिरवायची ते दाखवलं, काउंटरच्या शिकंज्यात बोल्ट धरून पाना ओढला आणि भुवया उंचावल्या. मास्तरांनी मान डोलावली. त्यांना काडीचंही ऐकू आलं नव्हतं. मनाशी म्हणाले, हातात झटका बसेलच की. कोणत्या हातात बसणार होता तो, ते त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

"आणला का?" मुलीने संध्याकाळी विचारलं.

"आणला."

"कुठला?"

"चांगला," असं म्हणून मास्तर वळलेच. खोका त्यांनी बाकाखाली सारला होता.

पुढच्या आठवड्यात पुढच्या ब्रेकचे पॅड झिजल्याचं दिसलं. सकाळी मुलगी आंघोळीला गेली आणि मास्तरांनी काम काढलं. पॅड ज्या जबड्यात बसतात तो जबडा दोन बोल्टांवर चाकाशी धरलेला असतो. ते दोन बोल्ट म्हणजेच गाडीचा पुढचा ब्रेक. गाडीच्या पुस्तकात आकडा होता सत्तावीस. मास्तरांनी मुठीवर सत्तावीस लावला, चष्म्यातून दोनदा तपासला आणि पाना ओढला.

टक्क काही आलं नाही. आणखी ओढला. तरी नाही. नवीन आहे, घट्ट असेल, म्हणून पाय रोवून ओढला. शेवटी पाना हातात किंचित मऊ झाला, लोण्यात गेल्यासारखा सरकला. हेच ते, त्यांनी ठरवलं. दुसऱ्या बोल्टलाही तसाच मऊपणा येईपर्यंत ओढलं. मग हात पुसले, आणि फार दिवसांनी त्यांना स्वतःचा अभिमान वाटला.

मुलीने फोनची वायर कानात खोचली, हेल्मेट चढवलं, हात हलवला, गेली.

बायको ओले कपडे घेऊन अंगणात आली. त्यांच्या समोर उभी राहून म्हणाली, "अहो, किती वाजवलंत ते? स्वयंपाकघरात मोजत होते मी. एकेकाला सात-आठदा तरी टक्क टक्क."

"काय वाजलं?" मास्तर म्हणाले.

तिने पुन्हा सांगितलं. त्यांनी तिच्या ओठांकडे पाहिलं. मग त्यांनी डब्यातून तसलाच एक जुना बोल्ट काढला, नट लावून शिकंज्यात आवळला, पाना चढवला. "ऐक," ते म्हणाले. "वाजलं की हात वर कर."

त्यांनी ओढायला जेमतेम सुरुवात केली होती. बायकोचा हात वर गेला. त्यांना वाटलं, ही चुकली. ते ओढत राहिले. हात वरच. ते ओढत राहिले, पाना तसाच मऊ झाला, लोण्यासारखा, आणि बोल्टचं डोकं तुटून बाकाखाली घरंगळलं. बायकोचा हात अजून वरच होता.

"फोन लाव तिला," मास्तर म्हणाले.

पहिल्यांदा उचलला नाही. दुसऱ्यांदाही नाही. घड्याळात बघायची गरज नव्हती, उतार सुरू झालेला असणार हे मास्तरांना ठाऊक होतं. तिसरं वळण सगळ्यात वाईट, तिथे ती नेहमी पुढचा ब्रेक धरायची, त्यांनीच शिकवलं होतं तसं. बायकोने तिसऱ्यांदा फोन लावला. मास्तर तिच्या तोंडासमोर उभे राहिले, देवासमोर उभं राहावं तसे.

तिचे ओठ हलले. "थांब. आधी बाजूला घे. नाही, ब्रेक नको धरूस, गिअर उतरव आणि मागच्याने हळू. थांबलीस?" मग बराच वेळ ते ओठ हललेच नाहीत. मास्तरांना त्या वेळात जग कसं बंद पडतं ते कळलं.

"थांबली," बायको त्यांच्याकडे बघून म्हणाली. "एका बोल्टचं डोकं नाहीये. दुसरा बोटाने फिरतोय म्हणते. दुसऱ्या वळणाशी आहे."

मास्तर बाकावर बसले. "तिला सांग," ते म्हणाले, "मला टक्क ऐकूच आलं नाही. मला ऐकू येत नाही गं. चार वर्षं झाली."

बायकोने फोन बाजूला ठेवला. ती खाली वाकली, चेहरा त्यांच्या चेहऱ्यासमोर आणला आणि त्यांना दिसावं म्हणून एकेक शब्द सुटा करून बोलली.

"आम्हाला दोघींना माहीत आहे हो ते. म्हणून तर ती बिनघोर गेली. तिला वाटलं, तुम्ही काट्याचाच आणला असेल."