हलकं फ्लायव्हील आणि भाच्याची वरात

माझी फजिती झाली, मान्य. पण त्यावर पाहुण्यांनी किती दिवस हसायचं? काही रीतभात? तुम्हीच ऐका आणि सांगा.

मी रोडपालीला राहतो आणि मला गाडीचा भारी नाद. इंजिनाच्या मागे फ्लायव्हील नावाची एक जड लोखंडी चकती फिरत असते. ती हलकी बसवली की गाडी अशी उचल घेते, विचारू नका. मी दुकानातली सगळ्यात हलकी निवडली. फिटर म्हणाला, "साहेब, शर्यतीत पळवता काय?" म्हटलं, तुम्ही बसवा हो.

आता हलक्या चकतीची एक खोड असते. गाडी हळू चालवली की इंजिन बंद पडतं. हायवेवर हे मला कसं कळणार? कळलं ते भाच्याच्या लग्नात.

ताईने नवरदेवासाठी भाड्याची गाडी ठरवली होती. मीच ती रद्द करायला लावली. सख्खा मामा असताना नवरदेव परक्याच्या गाडीतून जाणार? मामाला काही मान आहे की नाही?

मुलगी कोन गावची. वेशीपासून वरात निघाली. पुढे बेंजो, मग नाचणारी मंडळी, त्यांच्या मागे फुलांनी सजवलेली माझी गाडी. पहिल्याच गाण्याला बंद पडली. चालू केली, पुन्हा बंद. मग मी क्लच अर्धा दाबून रेस देत राहिलो. घुर्रर्र, घुर्रर्र.

नाचता नाचता मुलीचे काका वळले. "ओ मामा, घाई हाय काय तुमाला? आमी नाचायचं नाय?"

"तसं नाही हो. रेस नाही दिली तर गाडी बंद पडते."

"एवढी चकाचक गाडी बंद पडते? कोनाला सांगता?" आणि बेंजोवाल्याला म्हणाले, "वाजव रं अजून दोन गाणी."

म्हणजे मी रेस देणार, ते चिडून आणखी नाचणार, वरात आणखी हळू होणार आणि मी आणखी रेस देणार. यात माझं काय चुकलं? शेवटी जळका वास आला, क्लच गेला आणि गाडी जागची हलेना.

मुहूर्त जवळ आलेला. ताई रडकुंडीला. भाचा मुंडावळ्या मागे सारून खाली उतरला.

"अरे, तू नवरदेव आहेस. बस आत."

"मामा, तू स्टेअरिंग धर. मुहूर्त टळेल."

मांडवाच्या दारात मुलीची आई ताट घेऊन ओवाळायला पुढे आली. गाडीत वाकून बघते तर फेटा बांधून मी एकटाच.

"नवरा कुटं हाय?"

"मागे धक्का मारतोय," मी म्हणालो.

ती माउली ताट घेऊन डिकीकडे गेली आणि घामाघूम भाच्याला तिथेच ओवाळायला लागली. मीही काचेतून वळून बघत होतो. मामाच ना मी?

तेवढ्यात फोटोग्राफरने हाक मारली, "ओ ड्रायव्हर, फोटोत येताय. डोकं खाली घ्या."

घेतलं.