चिंचेनं घासलेली रायफल

माझा भाऊ बेफिकीर आहे, असं मी गंगाखेडच्या निम्म्या बाजाराला सांगून ठेवलं होतं. त्या दिवशी तर सकाळपासूनच माझं तोंड सुरू होतं. कारण आण्णांची रायफल.

आण्णा म्हणजे आमचे वडील. उसात रानडुकरं घुसायची म्हणून त्यांनी तरुणपणी परवाना काढून ही जुनी विलायती रायफल घेतली होती. हातानं बोल्ट मागं ओढायचा, एक काडतूस सरकवायचं, अशी. आता ते अंथरुणाला खिळलेत. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, जाणत्या माणसाकडून किंमत करून घ्या, जपलेली निघाली तर पोरीच्या, म्हणजे माझ्या, नावानं परवान्याचा अर्ज करू, न्हाई तर ठाण्यात जमा करा. भावाचं म्हणणं एकच, "आक्का, जुनं लोखंड हाय, कशाला जीव टाकायलीस?" तळपायाची आग मस्तकात जायची माझ्या. आण्णांचे हात थरथरायला लागल्यापासून दर दसऱ्याला बंदूक मी काढायची, मी पुसायची, मी पुजायची. ह्यानं कधी ढुंकून पाहिलं नाही, आणि वर हे शहाणपण.

परभणीहून म्हातारे मिस्त्री आले. आयुष्य बंदुका दुरुस्त करण्यात गेलेलं. ओसरीवर बसून त्यांनी आधी दस्ता पाहिला. लाकूड अक्रोडाचं, कुठं चीर नाही. बोल्टवरचा आणि नळीवरचा नंबर जुळवला, जुळला. मी भावाकडं असं बघितलं की त्यानं मान खाली घातली. बरं वाटलं मला, खोटं कशाला बोलू.

मग मिस्त्रींनी नळीवरून अंगठा फिरवला. "बाई, गंज धरू नये म्हणून ह्यावर निळा-काळा मुलामा असतो. कुठं गेला?"

"मी चिंच आणि राख लावून घासते," मी म्हणाले. "देवाच्या तांब्यासारखी लख्ख ठेवलीय."

नळीच्या तोंडात कुंकू लावलेला कापसाचा बोळा होता, तो त्यांनी चिमटीनं काढला. धूळ जाऊ नये म्हणून दर दसऱ्याला मीच नवा बसवायची. बोळा ओला होता, गंजानं तांबडा झालेला. त्यांनी बोल्ट काढला, नळी उजेडाकडं धरली आणि मला बघायला लावली. गोळीला गिरकी देणारे आतले पीळ दिसतच नव्हते, नुसते खड्डे.

"ओल धरून ठेवली ह्या बोळ्यानं. तेलाची चिंधी फिरवून कोरडी ठेवली असती तर लय किमतीची होती. आता बार काढला तर नळी फुटंल. किंमत न्हाई हिला."

मला वाटलं ह्या माणसाला हाकलून द्यावं. चांगलं फडाफडा बोलले मी त्यांना, दुकानदार असेच भाव पाडतात म्हणून. त्यांनी शांतपणे चहा संपवला.

आण्णांनी आतून हाक मारली. रायफल त्यांच्या मांडीवर ठेवली. नजर गेलीय त्यांची, पण बोटांची जाण शाबूत आहे. नळीवरून बोटं फिरवता फिरवता ते थांबले. चेहरा कठोर झाला.

"ही कुणी खराब केली?"

सांगायला मी तोंड उघडलं, शपथ घेऊन सांगते, उघडलं होतं.

"मी," भाऊ म्हणाला. "मीच घासली आण्णा. कळलं न्हाई मला."

आण्णांनी त्याला नको नको ते ऐकवलं. नालायक म्हणाले, आणि पोरीकडून काही शीक म्हणाले. तो भिंतीला टेकून ऐकत राहिला आणि मी पदराचं टोक पिळत उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी बंदूक ठाण्यात जमा झाली. भावानं तो विषय पुन्हा काढला नाही. त्यानं मला चार शब्द सुनवायला हवे होते, मग मीही भांडले असते. तो अजून मला आक्काच म्हणतो, आणि आण्णा अजून त्याच्याशी बोलत नाहीत. मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.