गच्चीवरची छाटणी

माझा राग दुधासारखा, नजर हटली की उतू जातो. त्या जानेवारीत तो सासऱ्यांवर उतू गेला.

निफाडकडची द्राक्षबाग थोरल्या दिरांच्या हवाली करून बाबा आमच्याकडे नाशिकला राहायला आले होते. थंडीची लाट आली तेव्हा मी दोन दिवस माहेरी होते. पारा घसरला की द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, वेलींना पाणी सोडतात. बाबांनी जन्मभर तेच केलेलं. शेकोटी गच्चीवर कशी पेटवणार? म्हणून त्यांनी तिथल्या कुंड्यांतल्या माझ्या अकराही सक्युलंटना पहाटे उठून भरपूर पाणी पाजलं. ही जाड पानांची झाडं आधीच पोटात पाणी धरून असतात. वर दव गोठवणारा गारठा. मी परतले तेव्हा पानं उकडलेल्या भोपळ्यासारखी लिबलिबीत झाली होती.

"कुणी सांगितल्या होत्या नसत्या उचापती?" मी ओरडले.

 संध्याकाळी बाबांची पिशवी भरलेली दिसली. "आठ दिस गावाला जाऊन येतो," म्हणाले. आठ दिवसांसाठी कुणी सासूबाईंचा फोटो भिंतीवरून काढून नेत नाही.  ऑफिसातून आल्यावर "दमलीस का?" असं विचारणारं या घरात तेच एक माणूस होतं.

माफी मागायला जीभ वळेना. कात्री घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिले. "बाबा, सडलेलं कापायचंय. कुठवर कापू, मला कळत नाही." हे मात्र खरंच होतं.

ते वर आले. एकेक खोड बोटांनी दाबत, कडक लागेल तिथं छाटत गेले. काप वाळेपर्यंत पाणी द्यायचं नाही, असं मी सांगितलं.

"थेंबभर बी नाय?"

"थेंबभरही नाही. आणि बाबा, चुकलं माझं."

"आधी झाडाचं बघ," ते म्हणाले.

त्यानंतर ते रोज हात पाठीशी बांधून कुंड्यांभोवती फेऱ्या मारायचे. पाणी न देणं त्यांना फार जड जात होतं.

रविवारी दिरांचा फोन आला, न्यायला गाडी पाठवू का म्हणून. मी कणीक मळता मळता थांबले.

"आता नाय जमायचं," बाबा म्हणाले. "छाटणी झालीय. फुटवा निघंस्तवर बाग सोडून कसा येऊ?"