वळणावर उतरणारा

साठ सालच्या आसपास ताम्हिणीच्या रस्त्यावर माझ्या जीपमध्ये धनगरवाड्यावरचा एक गडी नेहमी बसायचा. वाटभर माझ्या जीपला "खटारं" म्हणून हिणवायचा. दरी उघडते त्या वळणावर मात्र गाडी थांबवायला लावायचा आणि वहाणा काढून खाली उभा राहायचा. "एवढं थोरलं बसून बघू न्हाई, सायेब." पायाखाली ढग, समोर काळे कडे. मी जीपमधूनच बघायचो, तरी छाती दडपायची.

एकदा घाईत मी थांबलो नाही. त्यानं चालत्या जीपमधून उडी टाकली, पाय मोडला. तो प्यायला होता, असं मी सगळीकडे सांगितलं. तो प्यायलेला नव्हता.

काही महिन्यांनी तो त्याच वळणावर काठी टेकून उभा दिसला.

"पिऊन पडलो म्हनं मी? असू द्या. उतरा आता."

मी बूट काढले.