बिलातलं 'इतर'

लस घेताना आईनं बाही वर केली, तेव्हा दंडावरचे देवीचे जुने वण दिसले. "इथंच टोच गं, देवीच्या शेजारी," ती नर्सला म्हणाली. "तिला सोबत होईल."

मला हसू आलं आणि लगेच ओशाळलो. करोनात याच हाताला सलाईन लागलं होतं.

लशीनंतर अर्धा तास तिथंच बसायचं होतं. मी खिशातून आईच्या हॉस्पिटलचं बिल काढलं. ती घरी आल्यापासून ते मी सारखं वाचतो. औषधं समजतात, ऑक्सिजन समजतो. 'इतर' या शब्दापुढची भलीमोठी रक्कम मात्र कळत नाही.

"इतर म्हणजे काय रे?" आईनं डोकावून विचारलं.

"विचारलं नाही."

"मेथीची जुडी चारदा उलटीपालटी करून घेतोस, आणि इथं मुका?"

ती आत असताना काही विचारणं म्हणजे तिच्या जिवाचा भाव करणं, असं मला वाटायचं. म्हणून मुकाट भरत गेलो. पण माणूस आपलं आहे म्हणून प्रश्न विचारू नये, हे कोणी ठरवलं? मायेनं तोंड का मिटून घ्यावं?

आम्ही तिथून सरळ हॉस्पिटलात गेलो. बिलाच्या खिडकीशी मी शब्द जुळवत होतो, तोवर आईच पुढे झाली.

"या बिलातली बाई मीच. औषधं दिलीत, ऑक्सिजन दिलात, ते आठवतंय. आता माझं इतर काय केलंत, ते सांगा."

आतला माणूस माझ्याकडे बघून म्हणाला, "साहेब, आजींना तिकडं बसवा ना."

"ती उभी राहील," मी म्हणालो. "आणि मीही."