काकडांच्या जीपचा रंग

१७ फेब्रुवारी २०२४, शनिवार. कुरिअरवाल्याने माझ्याकडून २,८६० रुपये रोख घेतले आणि बुटाच्या खोक्याएवढं एक पार्सल माझ्या हातात ठेवलं. पार्सल खालच्या मजल्यावरच्या वाल्मीक आहेरांचं होतं. ते ड्यूटीवर, त्यांच्या पत्नी दीपमाला माहेरी देवळ्याला, म्हणून पैसे मी भरले. संध्याकाळी आहेरांनी पैसे परत केले आणि म्हणाले, "काका, या ना खाली. खोका उघडताना बघायला कोणीतरी पाहिजे."

खोक्यात जीप नव्हती. करड्या प्लॅस्टिकच्या चौकटी होत्या आणि त्यांना वेलीला शेंगा लागाव्यात तसे जीपचे सुटे भाग लटकलेले होते. चाकं, दिवे, सीट, अगदी बोटाच्या नखात मावेल एवढा गिअरचा दांडा. सगळं जोडून झालं की खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढी जीप तयार होते.

आहेर अंबडच्या एका कारखान्यात स्प्रे पेंटर आहेत. विजेच्या पॅनेलचे लोखंडी डबे दिवसभर रंगवतात. दिवसभर रंगकाम करणारा माणूस घरी येऊन पुन्हा रंगच का काढून बसतो, हे मला कळेना. मी विचारलं.

"तिथे एकच रंग आहे काका. करडा. वीस वर्षं झाली, करडा."

पहिलं किट त्यांनी पाच-सहा वर्षांपूर्वी आणलं होतं. कारखान्याच्या सवयीने रंगाआधी ते थिनरने पुसलं. लोखंडाला थिनर काही करत नाही, पण प्लॅस्टिकचं बॉनेट तापलेल्या दुधावरच्या सायीसारखं सुरकुतलं. ते बॉनेट त्यांनी अजून ठेवलंय. तेव्हापासून त्यांनी बऱ्याच गाड्या केल्या, बहुतेक स्वतःसाठी. सगळं काम घराच्या गॅलरीत. तिथे छोटा कॉम्प्रेसर, पेनाएवढा एअरब्रश आणि रंगांच्या बाटल्या.

ही जीप मात्र गिऱ्हाइकाची होती. मखमलाबादचे महेश काकड यांची गुलाबाची शेती. त्यांच्या वडिलांनी, फकिरा काकडांनी, फुलं बाजारात न्यायला कधीकाळी जुनी जीप घेतली होती. पुढे ती भंगारात गेली. फकिरादादांना आता पंचाहत्तर पूर्ण होणार होती. जन्मतारीख कोणालाच माहीत नाही, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला जन्मले एवढंच ठाऊक. त्या दिवशी त्यांच्या हातात तीच जीप ठेवायची, असं महेशच्या मनात होतं.

दीपमालावहिनी देवळ्याहून आल्या आणि त्यांनी माझ्यासमोरच अट घातली. त्या ब्लाउज शिवतात, मशीन हॉलमध्ये, पाहुणे आले की कपड्यांचे ढीग पलंगाखाली.

"काका, तुम्ही साक्षीला आहात. ही जीप गिऱ्हाइकाने घेतली तर गॅलरी यांची. परत आली तर कॉम्प्रेसर माळ्यावर आणि माझं मशीन गॅलरीत."

"आणि रंगाच्या बाटल्या?" आहेर म्हणाले.

"त्या देव्हाऱ्यात ठेवा. रोज पूजा करा."

आहेर हसले, पण नंतर मला जिन्यात म्हणाले, "ती खरं करेल हं."

मी रोज जेवण झाल्यावर खाली जाऊ लागलो. किट परदेशी, त्यामुळे स्टिअरिंग डावीकडे. आहेरांनी डॅशबोर्ड करवतीच्या पात्याने कापला, उलटा करून पुन्हा चिकटवला, पेडल उजवीकडे नेले. मागच्या बाजूला फुलांच्या करंड्यांसाठी पितळी तारेचा कठडा केला. मी विचारलं, "पेडल कोणाला दिसणार आहेत?" ते म्हणाले, "महेशला नाही दिसणार. दादांना दिसतील. पाय त्यांचे होते."

प्रश्न रंगाचा होता. घरात जीपचा एकच फोटो, कृष्णधवल, लग्नाच्या वऱ्हाडाचा. जीपवर इतकी माणसं बसलेली की जीप म्हणून फक्त एक चाक दिसत होतं. महेश म्हणाला, "लाल. शंभर टक्के लाल. मी शाळेत जायचो ना तिच्यातून!"

आहेरांनी लाल मारला. काय मारला! थरावर थर, मध्ये पॉलिश पेपर, वर चकाकी. बॉनेटमध्ये ट्यूबलाइट दिसायची. कारखान्यातल्या तपासनिसाने हात जोडले असते.

एप्रिलच्या शेवटी महेश जीप घेऊन गेला आणि वडिलांना न कळू देता आईला, आक्काबाईंना दाखवली. दुसऱ्या दिवशी खोका परत.

"आहेर, आई म्हणते ही आपली नाहीच. आपली निळी होती. मला शपथेवर लाल आठवते. पण आईच ओळखत नसेल तर मी ही घेऊन काय करू? शोरूमची वाटते हो."

वहिनींनी मशीनवरून मान वर केली. त्यांनी टेप काढून गॅलरीची रुंदी मोजली.

त्या रविवारी आहेर मला म्हणाले, "काका, चला मखमलाबादला." फकिरादादा मळ्यात होते, गुलाबाच्या वाफ्यात कात्री घेऊन. आहेरांनी जीपचं नाव न घेता सुरुवात केली, मी पेंटर आहे, एका गिऱ्हाइकाची जुनी जीप रंगवायची आहे वगैरे. मग म्हणाले, "तुमच्याकडेही होती म्हणे दादा. कोणता रंग होता?"

दादांनी कात्री थांबवली. "कोणत्या सालचा सांगू?"

आहेर माझ्याकडे बघायला लागले.

"बैलजोडी इकून जीप घेतली मी," दादा सांगू लागले. "त्या सालचा पोळा आला, आन् गोठ्यात बैलच नाय. माझी म्हातारी आय सकाळपासून डोळे पुसती. म्हनलं, रडती कशाला, ह्यो बी बैलच हाय. शिंगांचा रंग घरात व्हताच, हिरवा. मारला मडगार्डला. नैवेद्य दाखवला. मग दर पोळ्याला नवा रंग. मडगार्डवरून बॉनेटवर, बॉनेटवरून अख्ख्या जीपवर. हिरवा, पिवळा, मग निळा. निळा लय दिवस पुरला, डबा मोठा व्हता. शेवटाला लाल."

"आधीचा रंग खरवडून काढायचात?" आहेरांनी विचारलं.

"बैलाची शिंगं साळतेत. जीपची कोन साळणार? वरूनच थापायचा. आन् स्प्रे-बिप्रे नाय हां. ब्रश. ब्रश नसंल तं फडकं."

 परत येताना मखमलाबाद नाक्याच्या सिग्नलला आहेर स्कूटर थांबवून एकदम म्हणाले, "म्हणजे दोघंही खरं सांगत होते काका. मीच खोटं रंगवलं."

आखाजीला पाच दिवस उरले होते. त्यांनी जीपचे भाग ब्रेक ऑइलमध्ये बुडवून तो आरशासारखा रंग उतरवला. त्याने प्लॅस्टिक वितळत नाही, हे त्यांना आता ठाऊक होतं. मग हिरवा. वर पिवळा. वर निळा, दोनदा. वर लाल. सगळा ब्रशने, जाडाभरडा, आणि काही ठिकाणी ओघळ. मुद्दाम ओघळ आणायला त्यांना सगळ्यात जास्त वेळ लागला. हात ऐकेना, ओघळ दिसला की आपोआप पुसायला जायचा.

वहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या. "कारखान्यात एक ओघळ आला तर घरी येऊन दोन दिवस जेवत नाही हा माणूस. आणि इथे मुद्दाम आणतोय."

शेवटी बारीक पॉलिश पेपर. जिथे हात लागतो तिथे घासायचं म्हणजे लालाखालून निळा, निळ्याखालून पिवळा डोकावेल. आहेर स्टिअरिंगजवळ घासत होते.

"तिथे काय घासता?" वहिनी म्हणाल्या. "मागे घासा. करंड्या चढवताना बाया जिथे पाय देतात तिथे. पत्रा तिथे झिजतो."

आहेरांनी पेपर त्यांच्याच हातात दिला. त्यांनी दोन बोटांनी तेवढीच जागा घासली, थेट हिरव्यापर्यंत.

आखाजीला आम्हाला तिघांनाही आमरसाचं आमंत्रण होतं. दादांनी जीप हातात घेतली. आधी ती तिरकी करून पेडल बघितले. मग मागच्या झिजलेल्या जागेवरून नख फिरवलं आणि बराच वेळ तिथेच ठेवलं.

"हिरवा हाय खाली," ते म्हणाले.

"बघ, निळी व्हती म्हनलं नव्हतं?" आक्काबाई महेशकडे वळल्या.

"आई, वरून लाल आहे, लाल!"

"ते तू जन्मल्यावरचं."

महेशने ठरलेले पैसे तिथेच चुकते केले. येताना जिन्यात वहिनी म्हणाल्या, "मशीन हॉलमध्येच राहू द्या. पण शिवायच्या कापडांना थिनरचा वास आला तर मी काकांचंही ऐकणार नाही." आहेरांनी मान हलवली आणि घरात गेल्यावर गॅलरीत राहिलेला टेप त्यांच्या शिवणाच्या डब्यात नेऊन ठेवला.

ऑगस्टच्या शेवटी, पोळ्याच्या आधी, फकिरादादांचा आहेरांना फोन आला. बैल रंगवायचाय, म्हणाले, सगळ्यात बारीक ब्रश आणि एक रंगाची बाटली धाडा. कोणता रंग, विचारलं तर म्हणाले, "स्वस्त असंल त्यो." मी त्या बाजूला जात होतो, म्हणून मीच नेऊन दिलं. त्यांनी खिसा चाचपला आणि म्हणाले, "महेश दील."

जीप आता पिवळी आहे. ब्रश आणि रंगाचे १६० रुपये महेश काकडांकडून आहेरांना अजून येणे आहेत.